तुकडेजोड आणि न बोलावलेला वाटेकरी

जमिनीच्या कायद्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा कोणास किती जमीन मिळाली हे सांगतो. ती देतेवेळी कोणास बोलावले आणि कोणास बोलावले नाही, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग. पण तो दप्तरातच पडून राहतो. आजच्या भाषणात मी त्या दुसऱ्या भागाविषयी बोलणार आहे. विषय तुकडेजोडीचा, म्हणजे आमच्या बऱ्हाणपुराकडे ज्याला चकबंदी म्हणतात त्याचा आहे. आणि त्यातही एका बाजूच्या पण महत्त्वाच्या प्रश्नाचा आहे. गावातील जमिनींची नवी मांडणी झाली, तीत चूक राहिली, वरच्या अधिकाऱ्याने फेरतपासणीत ती दुरुस्त केली. पण ज्याचे हित त्यात गुंतले होते असा एक वाटेकरी त्या दुरुस्तीच्या वेळी समोरच नव्हता. अशा दुरुस्तीला दुरुस्ती म्हणावे काय?

प्रथम तुकड्यांची हकीकत. पुण्याजवळ पवनेच्या काठी पिंपळे सौदागर नावाचे गाव आहे. आज ते पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात गेले आहे. पण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते साधे शेतकऱ्यांचे गाव होते. शेतीशास्त्रज्ञ हॅरल्ड मान यांनी त्याची घरोघर आणि शेतोशेत पाहणी करून १९१७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, १७७१ साली त्या गावात एका धारणेची सरासरी सुमारे ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. १५६ जमीनधारकांकडे मिळून ७२९ तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान. चार भाऊ वेगळे झाले की प्रत्येक शेताचे चार भाग पडावयाचे. मळ्याचा चौथा हिस्सा प्रत्येकाला हवा आणि माळाचाही चौथा हिस्सा प्रत्येकाला हवा. यात न्यायबुद्धी होती, हे विसरता कामा नये. चांगल्या-वाईट जमिनीची समान वाटणी व्हावी म्हणूनच तुकडे पडत. बांधांत मात्र जमीन जाई, आणि औत एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर नेण्यात दिवस जाई.

आपल्या जुन्या मध्यप्रांतात या दुखण्याचे मूळ आणखी निराळे होते. छत्तीसगडात लाखाबाटा नावाची रीत असे. ठराविक काळाने गावातील शेतांची फिरून वाटणी होई, आणि प्रत्येकास थोडी या जातीची, थोडी त्या जातीची जमीन मिळे. रीत न्याय्य असली तरी तिच्यामुळे शेते अतोनात विखुरली. म्हणून १९२८ साली मध्यप्रांत सरकारने धारणांच्या एकत्रीकरणाचा कायदा केला आणि तो प्रथम छत्तीसगड विभागालाच लागू केला. गावातील कायम हक्कदारांपैकी निम्म्यांनी अर्ज करावा, त्यांच्याकडे गावच्या वहितीखालील जमिनीपैकी दोनतृतीयांश असावी. मग जी योजना ठरेल ती उरलेल्यांवरही बंधनकारक, अशी त्यात तरतूद होती. त्याच वर्षी लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती कमिशनचा अहवाल बाहेर पडला, आणि तुकडेजोडीचा प्रश्न अखिल हिंदुस्थानचा झाला.

‘उरलेल्यांवरही बंधनकारक’ या शब्दांपाशी मी श्रोत्यांना थोडे थांबवू इच्छितो. पंजाबात १९२० नंतर सहकारी सोसायट्यांमार्फत जी तुकडेजोड सुरू झाली, तिची पद्धत अगदी उलट होती. तेथे प्रत्येकाची संमती लागे. गावातला एखादा म्हातारा हट्टाला पेटला आणि आपल्या विहिरीजवळचा तुकडा सोडीना, तर महिनोन् महिने केलेली योजना फुकट जाई. काम गोगलगायीच्या चालीने होई खरे. पण त्या पद्धतीत एक गोष्ट अशक्य होती. कोणी वाटेकरी विसरला गेला असे होणे शक्यच नव्हते, कारण त्याच्या सहीवाचून काम पुढे सरकतच नसे. पुढे कायद्याने सक्ती आणली आणि संमतीची गरज संपली. संमतीच्या जागी आली नोटीस. म्हणजे ज्याला पूर्वी ‘नाही’ म्हणता येत होते, त्याला आता केवळ ‘माझे म्हणणे ऐका’ एवढेच म्हणता येऊ लागले. नोटीस ही क्षुल्लक बाब वाटते. पण सक्तीच्या कायद्यात ती संमतीचा शेवटचा उरलेला अंश असते, आणि तीच चुकली तर त्या माणसाजवळ काही उरत नाही.

मुंबई प्रांतात १९२७ साली लहान धारणांविषयी एक विधेयक कायदेमंडळात आले होते. लोकांचा विरोध इतका झाला की ते मागे घ्यावे लागले. वीस वर्षांनी, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई महसूलमंत्री असताना, १९४७ चा ६२ वा कायदा झाला. आपण त्याला तुकडेबंदीचा कायदा म्हणतो; पण त्याची दुसरी बाजू तुकडेजोडीची आहे. सरकारने गाव जाहीर करावे, एकत्रीकरण अधिकाऱ्याने ग्रामसमितीच्या व जमीनधारकांच्या सल्ल्याने योजना आखावी, मसुदा गावात प्रसिद्ध करावा, तीस दिवसांत हरकती घ्याव्या, आणि मग जमाबंदी आयुक्ताने तो कायम करावा, असा क्रम. त्यानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारा, त्याला आपल्या आजोबांचा सर्व्हे नंबर आणि स्वतःचा गट नंबर असे दोन्ही पाठ असतात.

नोटीस कोणास द्यावयाची? ‘जमीनधारकांस’ असे उत्तर सोपे आहे. पण धारक कोण, हे अधिकारी पाहणार सातबाऱ्यावर. आणि सातबाऱ्यावरचे नाव मुळात कशासाठी लिहिले गेले, हे इतिहासाने सांगितले पाहिजे. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी रयतवारी मोजणी सुरू केली, तीत शेताला नंबर आणि नंबराला सारा भरणारा एक खातेदार, अशी जोड घातली गेली. सरकारला माणूस हवा होता तो सारा वसूल करण्यासाठी. त्या एका नावामागे घरात आणखी कोण कोण आहे, याच्याशी तिजोरीला कर्तव्य नव्हते. तीच सवय पुढे शंभर वर्षे चालली. थोरल्या भावाचे नाव लागले की त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरे पडत, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पोरके मूल असले तर ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून मामाचे किंवा चुलत्याचे नाव पुढे. विधवा आई, बहिणी, गहाणदार ही मंडळी ‘इतर हक्क’ या रकान्यात, तीही नशीब असेल तर. सारा वसूल करण्यास ही व्यवस्था पुरेशी होती. परंतु जेव्हा शेताची जागाच बदलावयाची, तेव्हा हीच वही हाती घेऊन ‘सर्वांना बोलावले’ असे म्हणणे म्हणजे वर्गातील एकाच मुलाची हजेरी घेऊन पट भरल्याचा शेरा मारण्यासारखे आहे. मी शाळामास्तर असल्यामुळे मला ही उपमा सुचली. वकिलांनी क्षमा करावी.

दरम्यान त्या इतर हक्कांच्या रकान्यातील मंडळींचे हक्क वाढत चालले होते. डॉक्टर गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली हिंदू विधवांना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सा मिळाला. पण तो हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्शाची वारस झाली आणि स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण मालकी झाली. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशात २००५ साली मुलगी जन्मानेच सहदायाद ठरली. म्हणजे ज्या वर्षांत मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात गावोगाव गट पडत होते, त्याच वर्षांत मालकांची संख्या कायद्याने वाढत होती आणि वहीत मात्र जुनीच नावे होती. यात कोणाचा दुष्टपणा पाहण्याचे कारण नाही. दोन कायदे शेजारून गेले आणि एकमेकांना ओळखले नाही, इतकेच.

जुन्या मराठी व्यवहारात हा प्रश्न कसा सोडवीत? डॉक्टर वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वतनाच्या तंट्यांची पुष्कळ माहिती आहे. तंटा गोतसभेपुढे जाई. प्रथम दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. आजच्या अर्थाचा नव्हे, तर ‘गोत सांगेल ते मान्य’ असे लिहून देण्याचा. मग महजर होई. त्या महजरावर हजर असणाऱ्यांची नावे एकामागून एक लिहीत. पाटील आपल्या सहीजागी नांगराची निशाणी करी, सुतार-लोहारादी बलुतेदार आपापल्या हत्यारांची. हरणारा यजितखत लिहून देई. आज आपल्याला ती नावांची लांबलचक यादी वाचताना कंटाळा येतो. पण त्या कागदाचे बळ त्या यादीतच असे. निकाल कोणाच्या देखत झाला, हे निकालाइतकेच महत्त्वाचे मानीत. ती सभा म्हणजे न्यायाचा आदर्श होता असे मी म्हणत नाही. घरातल्या बायकांना तिथे कोण विचारीत होते? तरी ज्याचा हक्क लागतो त्यास समोर बसविल्यावाचून शेत हलवू नये, ही जाणीव मात्र तिथे होती.

ही जाणीव काही एका देशाची नव्हे. बायबलच्या जुन्या करारात रूथची कथा आहे. बवाजाला तिच्या सासरची जमीन सोडवून घ्यावयाची असते. पण त्याच्याहून जवळचा एक नातलग गावात असतो. बवाज वेशीवर जाऊन बसतो, दहा वडीलधाऱ्यांना बोलावतो, त्या नातलगाला थांबवून विचारतो, आणि त्याने पायातले पायताण काढून आपला हक्क सोडल्यावरच पुढचे पाऊल टाकतो. कथेचे लोक प्रेमाबद्दल कौतुक करतात. मला तिच्यातला हा व्यवहार नेहमी विशेष वाटत आला आहे.

आता फेरतपासणीच्या अधिकाराकडे वळू. एवढे मोठे काम, हजारो गावे; चुका होणारच. म्हणून मुंबईच्या कायद्यात दोन दारे ठेवली आहेत. ३२ व्या कलमाप्रमाणे योजनेत चूक, अनियमितपणा किंवा उणीव आढळली तर जमाबंदी आयुक्ताने दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध करावयाचा, ज्यांना त्याची झळ लागेल त्यांनी एक महिन्यात हरकत द्यावयाची, आणि चौकशीनंतर दुरुस्ती कायम व्हावयाची. ३५ व्या कलमाप्रमाणे सरकार कोणत्याही अधिकाऱ्याच्या हुकमाचे कागद मागवून त्याची कायदेशीरता व योग्यता पाहू शकते. पण हितसंबंधी पक्षांना कारण दाखविण्याची संधी दिल्यावाचून हुकूम फिरवता येत नाही. पूर्व पंजाबच्या १९४८ च्या कायद्यातील ४२ वे कलम आणि उत्तर प्रदेशाच्या १९५३ च्या कायद्यातील ४८ वे कलम यांची भाषा निराळी, पण अट तीच. आमच्या मध्यप्रदेशात चकबंदी हा स्वतंत्र कायदा न राहता १९५९ च्या जमीन महसूल संहितेतील एक प्रकरण झाला. त्या संहितेच्या ५० व्या कलमातही, हितसंबंधी पक्षांवर नोटीस बजावून त्यांचे ऐकल्यावाचून फेरतपासणीत हुकूम बदलू नये, असेच लिहिले गेले. चार प्रांतांतील मसुदा करणाऱ्यांनी हे वाक्य घालण्यास विसरू नये, याचा अर्थ त्यांना धोका माहीत होता.

तो धोका तुकडेजोडीत इतर तंट्यांहून मोठा का, हे समजून घेतले पाहिजे. साध्या दाव्यात दोन बाजू असतात. रामाचे शेत गेले तर ते शामाला जाते. तुकडेजोडीत तसे नसते. गावची जमीन एका चौकटीत बसवलेल्या फरशांसारखी असते. रामाने तक्रार केली की माझा गट विहिरीपासून दूर पडला. अधिकाऱ्याने शामाला बोलावले, दोघांचे ऐकले आणि रामाला विहिरीजवळ आणले. शाम तिथून सरकला तो गोविंदाच्या शेतात, गोविंदा सरकला तो ओढ्याच्या बाजूला, आणि ओढ्याकाठी ज्या विधवेचे पाऊण एकर होते तिची वाट बंद झाली. हुकमात नावे दोनच, पण शेते चार हलली. तंटा दोघांचा असला तरी आवश्यक पक्ष चार आहेत. रामाची तक्रार खरी असूनही हा हुकूम टिकत नाही. आणि टिकू नये, असे माझे मत आहे.

‘आवश्यक पक्ष’ म्हणजे कोण, याची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बिहारच्या महसूल मंडळासंबंधीच्या एका खटल्यात केली. ज्याच्यावाचून परिणामकारक हुकूम होऊच शकत नाही तो आवश्यक पक्ष. ज्याच्यावाचून हुकूम होऊ शकतो, पण प्रश्नाचा पुरता उलगडा होण्यास ज्याची हजेरी लागते तो योग्य पक्ष. वरच्या हुकमाने ज्याला लाभ झाला आहे त्याला वगळून तो हुकूम रद्द करून मागता येत नाही, असे त्या निर्णयाने ठरले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६१ मध्ये, पंजाबातील एक प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले होते. पुनर्वसन खात्याने एकाला जमीन वाटून दिली होती. दुसऱ्याने उच्च न्यायालयात अर्ज करून ते वाटप रद्द करवून घेतले, पण जमीन ज्याला मिळाली होती त्यालाच पक्षकार केले नव्हते. तो माणूस पुढे आला आणि म्हणाला, माझी जमीन माझ्या पाठीमागे गेली. उच्च न्यायालयाने आपला निकाल बाजूस ठेवून प्रकरण पुन्हा ऐकण्याचे ठरविले. आणि न्याय बिघडू नये म्हणून असे करण्याचा अधिकार उच्च न्यायालयास मुळातच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. श्रोते हो, येथे विसर पडला होता तो पटवाऱ्याला नव्हे, तर उच्च न्यायालयापुढच्या अर्जात. आणि न्यायालयाने तो सावरला.

पंजाबच्या चकबंदीचाच आणखी एक निकाल १९६३ च्या निर्णयग्रंथांत आहे. सरकारने आपला अपिलाचा अधिकार एका अधिकाऱ्यास सोपविला, आणि त्याने दिलेला हुकूम पुढे फेरतपासणीत सरकारनेच फिरवला. न्यायालय म्हणाले, सोपविलेल्या अधिकाराने दिलेला हुकूम हा सरकारचाच हुकूम. आपलाच हुकूम आपण ४२ व्या कलमाखाली तपासू शकत नाही. फेरतपासणी म्हणजे हवे तेव्हा हवे ते बदलण्याची मुभा नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मुदतीचा प्रश्न मात्र मला अधिक अवघड वाटतो. कायद्यात कधी ‘केव्हाही’ असे म्हटलेले असते, कधी मुदत मुळीच सांगितलेली नसते. १९६९ साली गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुदत लिहिलेली नसली तरी महसूल अधिकाऱ्याने फेरतपासणीचा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे. त्या धाग्याने मुंबई उच्च न्यायालयाने २००१ साली तुकडेजोडीच्या दुरुस्तीला तीन वर्षे हा वाजवी काळ मानला. याची गरज समजते. वीस-तीस वर्षे एक माणूस शेत कसतो, विहीर खणतो, झाडे लावतो. आणि मग जुन्या योजनेत चूक होती म्हणून त्याला उठवावयाचे, हा दुसरा अन्याय. दिवाणी न्यायालयाचे दारही या कायद्याखालील प्रश्नांना बहुतांशी बंद आहे; त्यामुळे अधिकाऱ्याचा हात फार लांब पोचू देणे धोक्याचे. पण ज्याला नोटीसच मिळाली नाही, त्याचे घड्याळ केव्हा सुरू झाले म्हणावे? दिवाणी कायद्यात याचे उत्तर आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यास तीस दिवस मिळतात. आणि समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर ते दिवस, निकाल कळला त्या दिवसापासून मोजतात. तुकडेजोडीच्या कायद्यात असे सरळ वाक्य असते तर पुष्कळ घरांतील भांडणे लवकर मिटली असती, असे मला वाटते. वाजवी काळ ही ढाल ज्याने बोलावले त्याच्या हाती शोभते; ज्याने मुद्दाम बोलावले नाही त्याच्या हाती शोभत नाही.

आमच्या भागास हा विषय दूरचा नाही. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर खानदेशचा सुभा झाला आणि बऱ्हाणपूर त्याचे ठाणे. तेव्हा रावेर आणि बऱ्हाणपूर एकाच कारभारात होती. इंग्रजी अमदानीत रावेर मुंबई इलाख्याच्या खानदेशात, बऱ्हाणपूर मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. सरहद्द अशी फिरत राहिली, पण सोयरिकी काही तिला विचारून झाल्या नाहीत. रावेरची लेक शहापुरात नांदते, इच्छापूरची लेक रावेर तालुक्यात. माहेरच्या गावी तुकडेजोडीचा मसुदा चावडीवर लागला तेव्हा तो तिने कसा वाचावा? तिकडे सातबारा आणि गट, इकडे खसरा आणि पटवारी. तिकडे तलाठ्याची नोटीस मराठीत, इकडे सर्व कारभार हिंदीत. चावडीवर कागद लावला की सर्वांना कळले, हे कायद्याचे गृहीत गावात राहणाऱ्यापुरतेच खरे असते.

म्हणून ज्या भगिनींचे माहेर सरहद्दीपलीकडे आहे आणि वडिलांच्या शेताचा गट केव्हा व कसा पडला हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी प्रथम वकिलाकडे न जाता तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात जावे. वडिलांच्या वेळचा सर्व्हे नंबर सांगून, जुन्या नंबराचा नव्या गटाशी मेळ दाखविणारा एकत्रीकरणाचा उतारा मागावा. तेथील लोक त्याला नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा म्हणतात. त्याबरोबर योजनेच्या वेळी घेतलेले जबाब, आणि पुढे दुरुस्ती झाली असल्यास त्या दुरुस्तीच्या नोटिशीची नक्कल मागावी. उताऱ्यावर क्षेत्र किती आहे हे सर्वजण पाहतात. जबाबाखाली कोणाकोणाच्या सह्या आहेत आणि नोटिशीच्या यादीत आपले किंवा आपल्या आईचे नाव आहे की नाही, हे आधी पाहावे.